कोकणातला पावसाळा आणि घरचा प्रिंटर: पार्ट बदलण्याआधी काय तपासायचं

मृग लागून पाऊस धरला की रत्नागिरी असो, देवगड असो की दापोली, त्याच तक्रारी सुरू होतात. कालपर्यंत स्वच्छ छापणारा प्रिंटर आज फिकट छापतो. दोन-तीन कागद एकदम ओढतो. कॉम्प्युटरचा पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच. मग कोणीतरी सांगतं, ‘ड्रम गेला’, ‘हेड गेलं’, ‘बोर्ड उडालं’, आणि दोन-अडीच हजारांचा खर्च समोर उभा राहतो.

या दिवसांतल्या बहुतेक तक्रारींमागे बिघाड नसून ओल असते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुलैत हवेतली आर्द्रता कितीतरी दिवस ९० टक्क्यांच्या वर असते. घरगुती प्रिंटर मात्र साधारण ८० टक्क्यांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. म्हणून आपल्याकडे तपासणीचा क्रम वेगळा ठेवावा लागतो: आधी कागद, मग जागा आणि हवा, मग वीज, आणि सगळ्यात शेवटी पार्ट.

कागद

लेझर प्रिंटर छापतो तो विजेच्या भाराच्या जोरावर. टोनरच्या डब्यातल्या, म्हणजे कार्ट्रिजमधल्या, ड्रम नावाच्या फिरत्या नळीवर टोनरची पावडर चिकटून अक्षर तयार होतं. कागदाच्या खाली ट्रान्सफर रोलर असतो. तो कागदाला उलटा भार देतो आणि ड्रमवरची पावडर खेचून कागदावर घेतो. कागद कोरडा असेल तर हा भार कागदावर टिकतो. ओला कागद वीजवाहक होतो, भार निसटून जातो आणि अर्धी पावडर ड्रमवरच राहते. म्हणून अक्षरं फिकट आणि ठिगळं लावल्यासारखी येतात, कुठे ठळक तर कुठे पुसट. पुढे फ्युजरमध्ये, म्हणजे पावडर वितळवून कागदावर पक्की करणाऱ्या भागात, साधारण २०० अंश तापमान असतं. तिथे कागदातल्या पाण्याची वाफ होते, कागद गुंडाळतो, कोपरे दुमडतात, क्वचित सुरकुती पडते. पावसात प्रिंट बाहेर येताना थोडी पांढरी वाफ दिसली तर घाबरू नका. तो धूर नव्हे, कागदातलंच पाणी आहे. जळका वास आला तर मात्र लगेच बंद करा.

चाचणी सोपी आहे. सीलबंद रीम फोडा, त्यातले दहा कागद ट्रेमध्ये ठेवा आणि तेच पान छापा. प्रिंट सुधारली तर कार्ट्रिजला हात लावू नका, दोष कागदाचा आहे. ही चाचणी केल्याशिवाय टोनर भरायला देऊ नये. निम्म्या वेळा पैसे वाचतात ते इथेच.

कागद ठेवण्याच्या सवयी बदलल्या की जून ते सप्टेंबर बराच सुखाचा जातो. रीमचं वेष्टन आतून मेणाचं किंवा प्लास्टिकचा थर दिलेलं असतं. ते फाडून फेकू नका, एका बाजूने उघडा, लागतील तेवढे कागद काढा आणि पुन्हा दुमडून चिकटपट्टी लावा. ए-४ कागद बसेल असा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या आणि त्यात १०० ते २०० ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत बांधून ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलीने भरले. ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर तास-दोन तास ठेवले की पुन्हा निळे होतात. ओव्हन नसेल तर जुन्या कढईत अगदी मंद आचेवर हलवत राहायचं. आच वाढली तर दाणे काळपट पडून निकामी होतात. ही कढई नंतर स्वयंपाकाला वापरायची नाही.

ट्रेमध्ये एका वेळी वीस-पंचवीसच कागद भरा. रात्री उरलेले काढून डब्यात टाका. रीमा जमिनीवर किंवा चिऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, कारण भिंत ओल ओढते आणि खालची रीम तीच ओल पिते. लाकडी फळीवर, भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवा. सेवा केंद्रासारखं जिथे दिवसाला शंभर-दोनशे सातबारा आणि दाखले छापले जातात, तिथे लाकडी कपाटात खालच्या कप्प्यात १५ वॅटचा जुना तारेचा बल्ब लावण्याची पद्धत खरोखर उपयोगी आहे. एलईडी बल्ब यासाठी चालत नाही, कारण त्यात पुरेशी उष्णता नसते. बल्ब कागदापासून किमान वीतभर लांब हवा, भोवती जाळी हवी, आणि दुकान बंद करताना तोही बंद करायचा.

अगदी अडलं असेल, एकच दाखला छापायचा आहे आणि कोरडा कागद नाही, तर तोच कागद आधी कोरा छापून काढा. म्हणजे वर्डमध्ये रिकामं पान उघडून प्रिंट द्या. फ्युजरच्या उष्णतेने कागद वाळतो. मग तो ज्या बाजूला वळला असेल त्याच्या उलट बाजूने ट्रेमध्ये ठेवून लगेच खरी प्रिंट काढा. रोजची सवय म्हणून हे करू नका, फ्युजर विनाकारण झिजतो. कागदाला इस्त्री फिरवण्याचा उद्योग तर नकोच. एका जागी तापलेला आणि एका जागी गार कागद हमखास अडकतो.

सेटिंगमध्येही थोडं करता येतं. कागद फार गुंडाळत असेल तर प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये कागदाचा प्रकार ‘लाइट’ किंवा ‘थिन’ निवडा, फ्युजर कमी तापतो. उलट, छापलेली अक्षरं बोटाने खरवडून निघत असतील तर ‘हेवी’, ‘रफ’ किंवा ‘बाँड’ निवडा.

अर्धी प्रिंट काढून दोष कुठे ते शोधणं

कोरड्या कागदावरही प्रिंट फिकट येत असेल तर ही युक्ती करा. गडद मजकुराचं पान छापायला द्या, आणि कागद अर्धा आत गेला की प्रिंटरचं झाकण उघडा. मोटर जागीच थांबते. कार्ट्रिज हळूच बाहेर काढा, कागद काढा, आणि कार्ट्रिजवरची पडदी उचलून ड्रम बघा. ड्रमच्या गुळगुळीत पृष्ठभागाला बोट लावायचं नाही.

आता तीन गोष्टी दिसतात. ड्रमवरचं अक्षरच फिकट असेल तर दोष कार्ट्रिजचा, म्हणजे टोनर संपला, पावडर ड्रमपर्यंत नेणारा मॅग्नेटिक रोलर झिजला किंवा पावडर ओलीने गुठळली. ड्रमवर अक्षर ठळक आहे, पण कागदाला टेकून पुढे गेलेल्या भागावरही बरीच पावडर तशीच राहिली आहे, तर दोष ट्रान्सफरचा: कागद ओला किंवा काळा फोमचा ट्रान्सफर रोलर खराब. फ्युजरपर्यंत न पोहोचलेल्या कागदावर अक्षर चांगलं उठलंय, आणि बाहेर येणारी प्रिंटच फिसकटलेली असते, तर फ्युजर. दोन मिनिटांच्या या तपासणीने तीनपैकी कोणता भाग बदलायचा ते नक्की होतं. त्या अर्ध्या कागदावरची पावडर पक्की झालेली नसते, तेव्हा तो न हलवता थेट पिशवीत टाका. कपड्यांवर पडली तर आधी झटका, मग गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने ती कापडात वितळून बसते. आणि घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने टोनर ओढू नका, इतकी बारीक पावडर त्याच्या गाळणीतून आरपार जाते.

डाग ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल तर पट्टी घेऊन मोजा. घरगुती लेझरमधला ड्रम साधारण २४ मिलिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे त्याचा एक फेरा ७५ मिलिमीटरचा. डाग दर साडेसात सेंटिमीटरला येत असेल तर ड्रमवर ओरखडा किंवा काहीतरी चिकटलंय. अंतर याच्या निम्म्याच्या आसपास असेल तर चार्ज देणारा रोलर, ज्याला दुकानात पीसीआर म्हणतात, तो संशयित. उभी अखंड काळी रेघ आली तर ड्रम पुसणारं वायपर ब्लेड किंवा ड्रमवरची चीर. पूर्ण पानावर राखाडी छटा आली तर पावडरीचा थर सारखा करणारं डॉक्टर ब्लेड, पीसीआर किंवा हलक्या प्रतीची, ओल धरलेली पावडर.

कार्ट्रिज भरून घेताना एकच आग्रह धरा: वाया गेलेल्या पावडरीचा कप्पा रिकामा करूनच नवी पावडर भरावी. एचपीचं १२ए कार्ट्रिज मूळचं, पानाचा ५ टक्के भाग छापला जाईल या हिशेबाने, २००० पानांचं, ८८ए १५०० पानांचं. दोन-तीनदा भरलं आणि वायाचा कप्पा तसाच राहिला तर तो भरून पावडर बाहेर सांडते, आणि लोक म्हणतात पावडर खराब. नवं किंवा जादाचं कार्ट्रिज काळ्या पिशवीतून आधीच काढून ठेवू नका, उजेडाने ड्रम बिघडतो आणि ओलीने पावडर गुठळते.

कागद न ओढणं, दोन ओढणं

कागद ओढणारं पिकअप रोलर हे रबराचं असतं आणि दमट हवेत कागदाची भुकटी त्यावर चकचकीत थर धरते. एचपी लेझरजेट १०२०सारख्या यंत्रात झाकण उघडून कार्ट्रिज काढलं की समोर मधोमध तो रोलर दिसतो. प्रिंटरची पिन काढा. अर्धा तास थांबा, कारण आतला फ्युजर तापलेला असतो. रोलरच्या दोन्ही बाजूंच्या छोट्या पांढऱ्या खुंट्या बाहेर सारा, रोलर पुढच्या बाजूला फिरवा आणि वर उचला, तो सुटून हातात येतो. धागे न सुटणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन चोळा, काळं निघणं थांबेपर्यंत. मग कोरड्या कापडाने पुसा. रबरावर बोटाने खरखर लागली पाहिजे. अजूनही काचेसारखं गुळगुळीत लागत असेल तर रोलर उलटा फिरवून बसवायचा प्रयत्न करू नका, नवा घ्या. तो फार महाग नसतो.

दोन-तीन कागद एकदम जात असतील तर रोलरऐवजी त्याच्या समोरचं, कागद सुटे करणारं सेपरेशन पॅड बघा. पण आधी कागदांची गड्डी हातात धरून पत्त्यांसारखी फुलवा आणि पुन्हा बसवा. पावसात ओले कागद एकमेकांना चिकटतात, आणि त्यात रोलर-पॅडचा काहीच दोष नसतो.

इंक टँकवाले प्रिंटर

शाळेच्या आणि होमस्टेच्या कामाला आता एप्सन एल मालिका किंवा कॅनन जी मालिका सगळीकडे दिसते. यांचं दुखणं लेझरच्या उलट आहे. इथे शाई सुकते, आणि ती पावसात नव्हे, तर बटण न दाबता वीज गेल्याने.

काम संपलं की या प्रिंटरचं हेड, म्हणजे शाई सोडणारा भाग, उजव्या कोपऱ्यात जाऊन रबराच्या कॅपवर बसतं आणि झाकलं जातं. प्रिंटरच्या बटणानेच बंद केलं तर हे होतं. भिंतीवरचा स्विच बंद केला किंवा छपाई चालू असताना लाइट गेली, तर हेड मध्येच उघडं राहतं. आणि आपल्याकडे वाऱ्यात माडाचं झावळ तारांवर पडलं की लाइट दोन दिवसही येत नाही. म्हणून वीज आली आणि पाच मिनिटं स्थिर राहिली की प्रिंटर चालू करा, हेड कोपऱ्यात जाऊ द्या, मग त्याच्याच बटणाने बंद करा. एवढ्या एका सवयीने निम्मी हेडं वाचतील. आठवड्यातून एकदा चारही रंग असलेलं एक पान छापा.

रंग तुटला तर आधी प्रिंटर प्रॉपर्टीजमधल्या मेंटेनन्समध्ये जाऊन नोझल चेक, म्हणजे हेडच्या बारीक छिद्रांची चाचणी, काढा. बारीक रेषांची जाळी येते, त्यात कोणत्या रंगाच्या रेषा गायब आहेत ते बघा. मग हेड क्लिनिंग, पुन्हा नोझल चेक. एप्सनमध्ये हे जास्तीत जास्त तीनदा करा. फरक नाही पडला तर प्रिंटर बंद करून किमान १२ तास तसाच ठेवा. नळीत अडकलेले हवेचे बुडबुडे त्या वेळात वर जातात. लोक इथे धीर सोडतात आणि एकामागून एक दहा वेळा क्लिनिंग करतात. प्रत्येक क्लिनिंगची शाई खालच्या स्पंजच्या पॅडमध्ये जाते, पॅडचा हिशेब ठेवणारा आतला काउंटर भरला की यंत्र दिवे लुकलुकवत पूर्ण थांबतं. तेव्हा नुसता काउंटर शून्य करणारे भेटतात, पण पॅड बदललं किंवा धुऊन वाळवलं नाही तर शाई टेबलावर वाहते. १२ तासांनंतरही रंग तुटलेलाच असेल तर पॉवर क्लिनिंग करा. त्याआधी प्रत्येक टाकीत किमान एक तृतीयांश शाई आहे याची खात्री करा, नाहीतर नळ्यांत हवा भरते. पुन्हा करायचं तर आणखी १२ तासांनी.

तरीही नाही, तर हाताने. प्रिंटर चालू करा, हेड कोपऱ्यातून सरकलं की भिंतीतून पिन ओढा. आता हेड हाताने सरकतं. उजव्या कोपऱ्यातल्या कॅपच्या स्पंजवर सुई नसलेल्या सिरिंजने डिस्टिल्ड वॉटरचे तीन-चार थेंब टाका (बॅटरीत घालायचं मिळतं तेच), हेड परत कॅपवर सरकवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी एक क्लिनिंग. विहिरीचं किंवा नळाचं पाणी वापरू नका, त्यातला क्षार नोझलमध्येच बसेल.

प्रिंट तिरपी जाते, हेड बाजूला आपटतं किंवा यंत्र सुरू होताच एरर देतं, तेव्हा हेडच्या मागून डावीकडून उजवीकडे गेलेली पारदर्शक पातळ पट्टी शोधा. तिला एन्कोडर स्ट्रिप म्हणतात. तिच्यावर उघड्या डोळ्यांना नीट दिसणार नाहीत इतक्या बारीक रेषा असतात आणि त्या मोजूनच हेडला स्वतःची जागा कळते. पावसात तिच्यावर शाईचा धुरळा आणि बुरशी बसते. साध्या पाण्याने जेमतेम ओलं केलेलं मऊ कापड दोन बोटांत धरून पट्टी हलक्या हाताने पुसा. अल्कोहोल किंवा थिनर लावू नका, रेषाच पुसल्या जातील. पट्टीच्या टोकाची स्प्रिंग सुटली तर ती परत अडकवणं कटकटीचं आहे, तेव्हा ओढू नका.

कॅनन जी मालिकेतल्या बहुतेक प्रिंटरची काळी शाई पिगमेंटची, म्हणजे बारीक रंगकणांची आहे, ती पाण्याने सहसा पसरत नाही. रंगीत शाया डायच्या, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या आहेत, भिजल्या की पसरतात. ज्या कागदाला कचेऱ्यांतून फिरायचं आहे तो लेझरवरच छापावा, हे माझं ठाम मत आहे.

झेरॉक्स यंत्र आणि स्कॅनर

सकाळी दुकान उघडल्यावर पहिल्या वीस-पंचवीस कॉपी पाण्यात भिजल्यासारख्या पसरट येतात आणि तासाभराने आपोआप सुधारतात, तर ड्रमवर रात्रीची ओल बसली आहे. यंत्र १५ ते २० मिनिटं तापू द्या आणि कोऱ्या कागदावर काही कॉपी सोडा. मोठ्या मशीनना आत ओल घालवणारा हीटर बसवता येतो. बसवलेला असेल तर तो रात्रीही चालू राहावा म्हणून मुख्य स्विच बंद करू नये, फक्त पुढचं बटण बंद करावं. बसवलेला नसेल तर नवं मशीन घेताना कोकणातल्या माणसाने तो मागून घ्यावाच.

कॉपीवर एक उभी रेघ येते, पण फक्त वरच्या फीडरमधून टाकल्यावर, काचेवर ठेवल्यावर नाही, तर यंत्रात काही बिघाड नाही. मोठ्या काचेच्या डावीकडे बोटभर रुंदीची एक वेगळी काचेची पट्टी असते, फीडरचा कागद तिच्यावरून वाचला जातो. तिच्यावर व्हाइटनरचा किंवा डिंकाचा एक ठिपका असला तरी पूर्ण पानभर रेघ उठते. अल्कोहोलच्या कापडाने, गरज पडली तर नखाने खरवडून काढा.

किडे

आपल्याकडे हा स्वतंत्र विषय आहे. कुंभारीण माशी यूएसबीच्या भोकात, पंख्याच्या जाळीत, प्रिंटरच्या मागच्या फटीत चिखलाचं घर बांधते. केबल बसत नाही म्हणून जोर लावला तर पोर्ट तुटतो. आधी टॉर्चने आत बघा, लाकडी टूथपिकने कोरडी माती पोखरून काढा. धातूची सुई घालू नका. न वापरलेल्या पोर्टना रबरी बुचं लावून टाका. ‘पेपर जॅम’ दाखवतो आणि आत कागद नसतो, तेव्हा कागदाच्या वाटेवरचा छोटा प्लास्टिकचा पाय, म्हणजे सेन्सरचा लिव्हर, बोटाने हलवून बघा. पालीची कात, अंडं किंवा मुंग्यांचा पुंजका तिथे हमखास सापडतो. कीटकनाशकाचा फवारा आत मारू नका, त्याचा तेलकट थर रोलरवर आणि काचेवर बसतो. यंत्राच्या टेबलाचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवणं हा जुना उपाय मुंग्यांना आजही पुरतो.

वीज, अर्थिंग, गडगडाट

लेझर प्रिंटर यूपीएसवर किंवा घरच्या इन्व्हर्टरवर लावू नका. ६०० व्हीएचा यूपीएस फार तर ३६० वॅट देतो, आणि फ्युजर तापताना लेझर तेवढ्यापुरता ६०० ते १००० वॅट ओढतो. यूपीएस बीप देऊन कोसळतो आणि बरोबर कॉम्प्युटरही बंद पडतो. लेझर थेट भिंतीतल्या सॉकेटला, कॉम्प्युटर आणि इंकजेट यूपीएसला.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, याचा अर्थ एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) बिघडला असं नाही, अर्थिंग नाही. एसएमपीएसमधले फिल्टरचे कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मा, म्हणजे ११० व्होल्टच्या आसपास दाब येतो. प्रवाह अगदी किरकोळ असतो, पण प्रिंटरची यूएसबी केबल लावता-काढता पोर्ट जाळायला तेवढा पुरतो. मल्टिमीटर एसी ७५०वर ठेवून बघा: फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थही जवळपास तितकाच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ बराच कमी दाखवत असेल तर वायरमनला बोलवा. कातळावरच्या घरांत हे फार आढळतं, कारण जांभा खडक विजेला वाट देत नाही आणि वरचा मातीचा थर वीतभरच असतो. खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरलेलं असलं तरी एप्रिल-मे महिन्यांत तो कोरडा पडतो. तेव्हा आठवड्यातून एकदा दोन घागरी पाणी त्यात ओतावं.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात, म्हणजे मे आणि ऑक्टोबरमध्ये, गडगडाट ऐकू आला की स्विच बंद करून थांबू नका, पिन काढा. विजेचा लोळ स्विचच्या दोन-तीन मिलिमीटरच्या फटीवरून सहज उडी मारतो. कॉम्प्युटरच्या मागची लॅन केबल आणि राउटरचा अ‍ॅडॉप्टरही काढा. विजेची तार वाचली आणि लॅनमधून बोर्ड गेलं, असं खूप घडतं. लाइट गेल्यावरही पिन काढून ठेवा, परत येते तेव्हा दाब आधी वर-खाली होतो. पाच मिनिटं स्थिर चालली की मग लावा.

लाइट येऊन-जाऊन आणखी एक गंमतीचा वाटणारा पण डोकं खाणारा प्रकार होतो: वाय-फायवरचा प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसतो. राउटर पुन्हा सुरू होताना प्रिंटरला नवा आयपी पत्ता देतो आणि विंडोज जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतं. राउटरच्या सेटिंगमध्ये अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशनमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा बांधून टाका. आणि छपाई अर्धवट अडकून रांग हलतच नसेल, तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ थांबवा, सी ड्राइव्हमधल्या विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाइली पुसा (फोल्डर नाही), आणि स्पूलर पुन्हा सुरू करा.

कॉम्प्युटर

समुद्रावरून येणारा खारा वारा पंख्याने आत ओढला जातो. मिठाचा कण हवेतलं पाणी धरून ठेवतो, आणि तांब्यावर हिरवट, अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी पूड धरते. म्हणून कॅबिनेट समुद्राकडच्या खिडकीखाली, पडवीत ठेवू नये, माजघरात ठेवावं. पावसाळ्यात काम नसलं तरी रोज तासभर चालू ठेवावं, आतल्या उष्णतेने ओल निघून जाते. दोन महिने बंद घरात पडलेला कॉम्प्युटर हमखास रुसतो.

पंखा फिरतो, स्क्रीन काळी, तर पहिला संशय रॅमचा. पिन काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या. स्लॉटच्या दोन्ही खुंट्या बाहेर सारून रॅम काढा. सोनेरी पट्ट्या मंद, काळपट दिसतील. मऊ पांढऱ्या खोडरबराने आतून कडेकडे, एकाच दिशेने घासा. पेनाचं खोडणारं खरखरीत रबर नको, सोन्याचा मुलामा जातो. चुरा झटकून अल्कोहोलच्या कापडाने पुसा, पट्ट्यांना बोट लावू नका. स्लॉटमध्ये कोरडा ब्रश फिरवा. दोन्ही बाजूंनी ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा.

तारीख दरवेळी मागे जाते, आणि ब्राउझर प्रत्येक साइट असुरक्षित आहे म्हणतो, सरकारी पोर्टलसुद्धा उघडत नाही, तर व्हायरस नाही, बोर्डावरची सीआर २०३२ बॅटरी संपली. नवी ३ व्होल्टच्या थोडी वर दाखवते, मोजल्यावर २.८च्या खाली आली की बदला. बदलण्याआधी बायोसमधल्या (बोर्डाच्या मूळ सेटिंगच्या) पडद्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, विशेषतः हार्ड डिस्कच्या साटा मोडचा. बॅटरी काढल्यावर तो मोड बदलला तर विंडोज सुरूच होत नाही आणि लोक उगाच फॉरमॅट मारतात.

स्वच्छतेला आयसोप्रोपिल अल्कोहोल ९९ टक्क्यांचं घ्या. रॉकेल, पेट्रोल, सेंट, गंज काढायचे तेलकट फवारे यातलं काही बोर्डावर नको.

पाणी शिरलं तर

जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा बुडालेली कितीतरी यंत्रं पाणी ओसरल्यावर ‘चालतंय का बघू’ म्हणून चालू केल्यानेच गेली. बुडालेल्या यंत्राला वीज लावायची नाही. मदरबोर्डवरची बॅटरी आधी काढा, कारण तिच्या तीन व्होल्टनेही ओल्या बोर्डाचं तांबं खाल्लं जातं. बोर्ड, रॅम, कार्ड स्वच्छ पाण्याखाली धरून मऊ ब्रशने चिखल काढा, मग डिस्टिल्ड वॉटरने, मग अल्कोहोलने धुवा, आणि पंख्याच्या वाऱ्यात तीन-चार दिवस उभं करून वाळवा. उन्हात किंवा चुलीजवळ नको. एसएमपीएस आणि फ्युजर बुडाले असतील तर नवेच घ्या. हार्ड डिस्क मात्र वाळवू नका आणि उघडूही नका. तिच्यातल्या फायली हव्या असतील तर ती तशीच ओली, घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून डेटा काढणाऱ्यांकडे पाठवा. वाळली की चिखल तबकड्यांवर घट्ट बसतो.